ओफेलियाने केस सोडावेत का? (हॅम्लेट: खरं वेड, सोंगाचं वेड आणि सूड)

सुरसागरकाठची
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात (दहा-बारा टाळकी, बहुतेक सगळी साठीच्या पुढची) शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं अभिवाचन बसतंय. (डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट. काका क्लॉडियसने त्याच्या बापाचा खून करून गादी घेतली आणि आई गर्ट्रूडशी लग्न केलं. बापाचं भूत येऊन खुनाचं सांगतं आणि सूड मागतं.) पूर्ण नाटक म्हणजे चार तासांच्या वर, आणि एवढा वेळ बसायला आमच्या कमरा तयार नाहीत. म्हणून दोन तासांत बसवतोय. तयार भाषांतर न घेता आमचं आम्हीच मराठी करतोय, त्यामुळे चहाबरोबर भांडणही होतं. माझ्या वाट्याला ओफेलिया आली आहे, हॅम्लेटची प्रेयसी, बाप त्याच्या हातून मेल्यावर वेडी होणारी. वय वर्षं एकसष्ट. हसा.

वाद असा झाला. आमचे दिग्दर्शक म्हणतात, हॅम्लेटचं वेड सोंग आहे, ओफेलियाचं खरं. तेव्हा चौथ्या अंकात तुम्ही केस मोकळे सोडा, डोळे विस्फारा, आधी खदाखदा हसा, मग एकदम रडा. मी घरी करून पाहिलं. नातू दारात उभा होता, तो म्हणाला, "आजी, भूत झालीस का?"

पण मला ते पटतच नाहीये. तो प्रवेश दहा वेळा वाचला. दर वेळी वाटतं की त्या राजवाड्यात त्या क्षणी शहाणं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे ही पोरगी. तर सांगा, हॅम्लेट खरंच वेडा होतो का? आणि ओफेलिया किती वेडी?

खंडूचा_पोरगा
काकू, केस सोडायला आधी केस पाहिजेत. आमच्या कॉलेजच्या प्रयोगात ओफेलिया करायला मुलगी मिळाली नाही, जो मिळाला त्याला टक्कल पडत होतं.

नेपथ्य
ताई, तुमच्या दिग्दर्शकांच्या बाजूने एक पुरावा देतो, मग त्यांच्या विरुद्ध बोलतो.

१६०३ साली छापलेली पहिली प्रत तोकडी आणि बरीच बिघडलेली आहे. पण तिच्यात रंगसूचना स्पष्ट आहे: ओफेलिया ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवत, केस मोकळे सोडून, गात येते. पुढच्या १६०४-०५ च्या प्रतीत नुसतं 'ओफेलिया येते', आणि १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात) 'भ्रमिष्ट ओफेलिया येते'. म्हणजे केसांना आधार आहे. खदाखदा हसण्याला मात्र एकाही प्रतीत नाही.

आता हॅम्लेट. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात तो मित्रांना शपथ घालतो की मी पुढे विचित्र वागायचं ठरवलं तर तुम्ही 'आम्हाला माहीत आहे' असा चेहरा करायचा नाही. सोंग घेण्याआधी साक्षीदार नेमणारा वेडा मी तरी पाहिलेला नाही. आणि तो समोर कोण आहे ते पाहून बोलतो. ओफेलियाचा बाप पोलोनियस किंवा राजासाठी पाळत ठेवणारे जुने मित्र रोझेनक्रांट्झ-गिल्डनस्टर्न आले की गद्यात तिरकं बोलणं सुरू. जिवलग मित्र होरेशियो आला की गाडी रुळावर. एकटा असला की पद्य, आणि तेही पक्क्या विचाराचं.

रिकामटेकडा
एवढं सोपं नाही हो. पहिल्या अंकात भूत पहारेकऱ्यांना दिसतं, होरेशियोला दिसतं. तिसऱ्या अंकात आईच्या दालनात तेच भूत येतं तेव्हा फक्त ह्याला दिसतं. आई विचारते, अरे हवेशी काय बोलतोस? त्याच्या दोन मिनिटं आधी ह्याने पडद्याआड कोण आहे ते न बघता तलवार खुपसलेली असते. म्हाताऱ्या पोलोनियसचं प्रेत शेजारी आणि हा आईला उपदेश करतोय. हे सोंग असेल तर माझी बायको म्हणते तसा मीही रोज सोंगच करतो.

आणि शेवटी द्वंद्वाआधी ओफेलियाच्या भावाची, लेआर्टिसची माफी मागताना काय म्हणतो? तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला. सोंग असेल तर हा सरळ खोटारडेपणा. खून स्वतः करायचा आणि पावती वेडाच्या नावावर फाडायची. मला तो वेडा असलेला परवडेल, इतका लबाड असलेला नको.

नेपथ्य
रिकामटेकडा, माफीचा मुद्दा जबरदस्त आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दांडियाबाजार_काका
सुरसागरकाठची ताई, तुम्ही भाषांतर करताय म्हणून सांगतो. मराठीत पहिलं नावाजलेलं हॅम्लेट म्हणजे आगरकरांचं 'विकारविलसित', १८८३. त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झालाय. पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांनी तो असा केला की लोक नाटकाचं नाव विसरून चंद्रसेन बघायला जायचे.

पण खरी गंमत पुढे आहे. हे काम आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात केलं. १८८२ मध्ये ते आणि टिळक १०१ दिवस आत होते. कशासाठी? कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय, असं केसरी-मराठात छापलं म्हणून. दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. म्हणजे बघा, बाहेर एक राजा खरंच वेडा की वेडा ठरवलेला यावरून खटला, आणि त्या खटल्यात आत गेलेला माणूस कोठडीत बसून कुठलं नाटक मराठीत आणतोय? नाव तरी काय दिलं! सूड नाही, राजपुत्र नाही. विकार.

मुरारवाला
काका, अंगावर काटा आला. मी ग्वाल्हेरचा, आमच्याकडे हा किस्सा कोणी सांगितला नव्हता.

दांडियाबाजार_काका
ग्वाल्हेरकर आलेच आहेत तर त्यांच्यासाठीही एक आहे. विषयांतर होईल, पण बडोद्यात बसून एल्सिनोरच्या (हॅम्लेटच्या राजवाड्यातल्या) विषाबद्दल बोलायचं आणि आपल्या घरचं विसरायचं हे बरं नाही.

खंडेराव गायकवाडांनी सख्ख्या भावाला, मल्हाररावांना, कटाच्या आरोपावरून पादरा गावी कैदेत ठेवलं होतं. १८७० मध्ये खंडेराव गेले आणि कैदेतला भाऊ गादीवर आला. खंडेरावांच्या राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगी झाली, म्हणून गादी दिराकडेच राहिली. पुढे ९ नोव्हेंबर १८७४ ला इंग्रज सरकारचा रेसिडेंट कर्नल फेअर याने सकाळचं पपनसाचं सरबत घोटभर घेतलं, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकलं, आणि पेल्याच्या तळाला गाळ दिसला. सोमल आणि हिऱ्याची पूड. आळ मल्हाररावांवर. सहा जणांचं कमिशन बसलं. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तिघा हिंदी सदस्यांना वाटला नाही, आणि त्या तिघांत तुमचे जयाजीराव शिंदे होते, मुरारवाला! शेवटी सरकारने विषाचं नाव न घेता गैरकारभाराच्या नावाखाली त्यांना गादीवरून काढलं. १८७५ मध्ये जमनाबाईंनी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, तेच आपले सयाजीराव.

भावानंतर भाऊ, विधवा राणी, विषाचा पेला, आणि शेवटी बाहेरून आलेला कोणी तरी गादीवर. फक्त आपला फॉर्टिनब्रास (नाटकाच्या शेवटी डेन्मार्कची गादी मिळणारा नॉर्वेचा राजपुत्र) चांगला निघाला.

मुरारवाला
म्हणजे आमच्या महाराजांनी होरेशियोचं काम केलं म्हणायचं. साक्ष नीट बघा, मग बोला. 😄

खंडूचा_पोरगा
पपनस आता कधी खाणार नाही.

आजोळ_बडोदा
काका, माहिती छान, पण ताईंचा प्रश्न राहिला बाजूला. मला सुडाबद्दल बोलायचंय.

या नाटकात बापाचा सूड घ्यायचा असलेले मुलगे तीन. हॅम्लेटला पुरावा हवा, म्हणून तो नाटकातलं नाटक करतो, आणि पुरावा मिळाल्यावरही क्लॉडियस प्रार्थनेला बसलाय म्हणून तलवार म्यान करतो. तेही दयेने नाही, मारला तर हा स्वर्गात जाईल म्हणून! लेआर्टिस बरोबर उलटा. बाप मेला कळताच फ्रान्सहून धावत येतो, दार फोडतो, पुरावा मागतच नाही, म्हणतो चर्चमध्ये असला तरी गळा चिरीन. आणि असा घाईचा माणूस क्लॉडियसला अर्ध्या तासात गुंडाळता येतो. तिसरा फॉर्टिनब्रास. त्याच्या बापाला हॅम्लेटच्या बापाने मारलं होतं, तेही हॅम्लेट जन्मला त्याच दिवशी. काकाने दटावलं म्हणून त्याने सूड सोडला, आणि शेवटी आयता डेन्मार्क त्याच्या ताटात.

आपल्याकडे न अडखळणारा सूड म्हणजे अश्वत्थामा. झोपलेल्यांना मारलं. त्याला मरण नाही, कपाळावर जखम, आणि नर्मदेच्या परिक्रमेला जाणारे आजही सांगतात की शूलपाणीच्या झाडीत तो तेल मागत फिरतो. माझ्या आजीने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की चांदोदला नावेत बसल्यावर मी काठाकडे बघितलंच नाही.

अनुस्वार
केसांवर एक सुचलं. 'वेणीसंहारा'त द्रौपदीचे केस मोकळे आहेत, ते सूड पुरा होईपर्यंत. 'मुद्राराक्षसा'त चाणक्याची शेंडी सुटलेली आहे, तीही प्रतिज्ञेसाठी. म्हणजे आपल्या रंगभूमीवर मोकळे केस ही सुडाची खूण आहे. तुमचे दिग्दर्शक मात्र मोकळे केस म्हणजे वेड असं धरून चाललेत. ताई, केस सोडा खुशाल, पण द्रौपदीसारखे सोडा.

सुरसागरकाठची
अनुस्वार, हे वाचून मी उठून पाणी पिऊन आले. हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द मिळत नव्हते.

त्या प्रवेशात ती एक वाक्य बोलते, जे आमच्या दिग्दर्शकांनी कापलं होतं. 'माझ्या भावाला हे कळेल.' राजासमोर. मी म्हटलं, ही धमकी आहे. ते म्हणाले, छे, बडबड आहे.

पांढरी_टोपी
मी मनोरुग्णांच्या वॉर्डात तीस वर्षं परिचारिका होते, म्हणून दोन शब्द. नाटक मी एकदाच पाहिलंय, शेक्सपिअरबद्दल मला विचारू नका.

सोंग घेऊन आलेले आम्ही बरेच पाहिले. कोणाला कोर्टातून सुटायचं असतं, कोणाला घरातून. सोंग करणारा सतत बघत असतो की कोणी बघतंय का. डॉक्टर राउंडला आले की जोर चढतो, ते गेले की चहा कधी येणार हे अगदी बरोबर विचारतो. नेपथ्य यांनी लिहिलं तसंच.

खरं आजारी माणूस बहुतेक वेळा शांत असतं. दमलेलं असतं. आणि त्याच्या बोलण्यात धागा असतो, फक्त त्याचं एक टोक आपल्याला दिसत नसतं. एक बाई रोज संध्याकाळी चार वाट्या मांडायच्या आणि तिसऱ्या वाटीत काही वाढायच्या नाहीत. आम्ही नोंद करायचो, 'निरर्थक कृती'. वर्षभराने गावाहून दीर आले, त्यांच्याकडून कळलं की तिसरा मुलगा उपाशी झोपला त्या रात्री गेला होता. निरर्थक काय होतं त्यात?

खदाखदा हसणारी वेडी मी फक्त सिनेमात पाहिली.

रिकामटेकडा
🙏 यानंतर काय लिहायचं.

नेपथ्य
लिहायचं तर आहेच. 😀 सोंग का घेतलं, यावर.

ही गोष्ट शेक्सपिअरच्या आधी चारशे वर्षं सॅक्सो नावाच्या डॅनिश इतिहासकाराने लिहिली. तिथे राजपुत्राचं नाव आम्लेथ. काकाने बापाला मारलं हे सगळ्या गावाला माहीत असतं, म्हणून पोरगा जीव वाचवायला वेड पांघरतो. चुलीजवळ राखेत लोळतो, लाकडाचे आकडे तासत बसतो. काय करतोस विचारलं तर सांगतो, बापाच्या सुडासाठी भाले करतोय. दरबारी हसतात. शेवटी दरबारी दारू पिऊन आडवे झाले की हा वरचा पडदा त्यांच्यावर पाडतो, त्याच आकड्यांनी घट्ट जखडतो आणि महाल पेटवून देतो. वेडाचं प्रत्येक काम सुडाचं काम होतं.

शेक्सपिअरने खून गुप्त केला. क्लॉडियसला वाटतंय कोणालाच माहीत नाही. मग वेडाचं सोंग कशाला? उलट त्यानेच राजाचं लक्ष वेधलं जातं. मोठ्यांच्या वेडावर नजर ठेवावी लागते, असं राजा उघड म्हणतो. म्हणजे जुन्या गोष्टीत वेड ही ढाल होती, इथे ती ढाल उरलेली नाही. तरी तो ते पांघरतो. मला वाटतं, सूड लांबवायला त्याला कुठेतरी राहायला जागा हवी होती, आणि ती जागा म्हणजे हे वेड. रिकामटेकडा म्हणतात तसं राहता राहता ते घर खरं झालं असेल, हे मी आता मान्य करतो.

खंडूचा_पोरगा
माझं आवडतं वाक्य थडगी खणणाऱ्याचं. हॅम्लेटला इंग्लंडला का पाठवलं? वेडा झाला म्हणून. तिथे बरा होईल, नाही झाला तरी बिघडत नाही, तिथे सगळेच तसे.
आमच्याकडे अमेरिकेला पाठवतात.

सुरसागरकाठची
पांढरी टोपी ताई, तुमच्या चार वाट्यांनी मला माईआत्या आठवली.

वडिलांची चुलत बहीण. रावपुऱ्यात आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. नवरा गेल्यावर दिरांनी कागदांवर अंगठा घेतला, मग हळूहळू तिचं डोकं फिरलं असं सगळे म्हणायचे. ती सकाळी परातीत काहीबाही घेऊन वाड्यात दारोदार जायची आणि प्रत्येकाला काहीतरी द्यायची. आईला तुळस. आम्हा मुलांना चिंचोके. समोरच्या काकू फार गोड बोलायच्या, त्यांना मुठीत साखर, अगदी मुंग्यांसकट. आणि थोरला दीर दिवाणखान्यात झोपाळ्यावर बसलेला असायचा, त्याच्या हातावर ती शाईची रिकामी दौत ठेवायची. एक शब्द न बोलता. तो हसायचा, 'वेडी' म्हणायचा, पण झोपाळा थांबलेला असायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज बंद झालेला मला अजून ऐकू येतो.

ती हसायची नाही की रडायची नाही. केस चापूनचोपून बांधलेले असायचे.

अनुस्वार
ताई, तुम्ही ओफेलियाची फुलंच सांगितलीत की. ती हेच करते. रोझमेरी आठवणीसाठी, पॅन्सी विचारांसाठी, राजाला फेनल, राणीला रू, आणि व्हायोलेट्स उरलीच नाहीत, बाप गेला त्या दिवशी सगळी सुकली. या फुलांचं मराठी तुम्ही काय केलंत?

सुरसागरकाठची
तिथेच गाडी अडली आहे. एक जण म्हणतात नावं तशीच ठेवा. दुसरे म्हणतात झेंडू-शेवंती करा, उद्या खंडेराव मार्केटमधून आणतो. रोझमेरी म्हटलं की आमच्या श्रोत्यांना पिझ्झा आठवणार.

आजोळ_बडोदा
रोझमेरीला मरवा चालेल. वास उग्र आणि बराच वेळ टिकणारा. आजीच्या गजऱ्यात असायचा, मला वास आला की आजीच आठवते. व्हायोलेटला प्राजक्त. सकाळी वेचायला जावं तर आधीच पडलेला.

रिकामटेकडा
डेन्मार्कात प्राजक्त? मग ओफेलिया ज्या विलोच्या फांदीवरून ओढ्यात पडते तिथे वड करा. बडोद्याला शोभेल. आणि वडाची फांदी मोडणार नाही, पोरगी वाचेल, नाटक सुखान्त.

खंडूचा_पोरगा
आणि ओढ्याच्या जागी विश्वामित्री. मगरी बघून ती स्वतःच मागे फिरेल.

मुरारवाला
मला नेहमी पडणारा प्रश्न. ती बुडताना कपडे कसे फुगले, ती काय गात होती, सगळं गर्ट्रूड अगदी तपशिलात सांगते. एवढं दिसत होतं तर कोणी हात का दिला नाही?

दांडियाबाजार_काका
शांतीने वाचा, राणी कुठेही म्हणत नाही की मी पाहिलं. पण तुमचा राग बरोबर आहे. गाणं ऐकू येईल इतक्या अंतरावर कोणीतरी होतंच.

जाता जाता. ज्या गावात हे वाचन होणार, तिथेच २० फेब्रुवारी १९१९ ला गंधर्व मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. गडकरी त्याआधी महिनाभर गेले होते. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. त्या सिंधूवर ओफेलियाहून कमी का कोसळतं? पण गडकरी तिला वेडी होऊ देत नाहीत.

पांढरी_टोपी
काका, तेच मला खटकतं. तिला निदान वेडं व्हायची तरी मुभा हवी होती.

दांडियाबाजार_काका
बालगंधर्वांच्या सिंधूबद्दल असं म्हणणारी बडोद्यात तुम्हीच पहिल्या. पण विचार करतो.

अनुस्वार
फुलांकडे परत. फेनल म्हणजे बडीशेप! तिकडे ती तोंडदेखल्या स्तुतीची खूण होती, म्हणून ती राजाला. आपल्याकडे जेवणानंतर पाहुण्याच्या हातावर आपण ठेवतोच, तेव्हा बदलायची गरजच नाही. आणि रू म्हणजे आपला सताप. जुन्या घरांत कुंडीत असायचा, तान्ह्या बाळांच्या पोटासाठी. इंग्रजीत त्या शब्दात पश्चात्तापाचा अर्थ आहे, तो मराठीत जाणार. पण बघा, सताप आणि संताप यांत फरक फक्त माझ्या नावाचा. ती राणीला म्हणते, हा तुला, आणि थोडा मलाही, पण तू तो वेगळ्या तऱ्हेने घाल. तुम्ही 'सताप' म्हणा आणि क्षणभर थांबा. ऐकणारा अनुस्वार स्वतःच देईल.

नेपथ्य
उभा राहून टाळ्या.
अजून एक, या प्रवेशाच्या सुरुवातीला राणी तिला भेटायला तयार नसते. मग सल्ला मिळतो की तिला आत येऊ द्या, नाही तर ती लोकांच्या डोक्यात घातक संशय पेरील. हॅम्लेटच्या सोंगाला दरबार बरं करायला निघाला होता. ओफेलियाला दरबार घाबरतो. जे राजाच्या तोंडावर सांगायला हॅम्लेटला अख्खी नाटकमंडळी लागली, ते ही मूठभर पाल्यात सांगते. तुमच्या माईआत्याची दौत तीच.

रिकामटेकडा
म्हणजे सूड घेणारे मुलगे तीन नाहीत, चौथी मुलगी आहे?

नेपथ्य
सूड म्हणणार नाही. हिशोब म्हणेन.

आजोळ_बडोदा
ताई, वाचन कधी आहे? झालं की इथे लिहा.

सुरसागरकाठची (बारा दिवसांनी)
झालं. काल संध्याकाळी. पाऊण हॉल भरला होता, त्यात निम्मे आमचे नातेवाईक, पण आले.

दिग्दर्शकांशी तह झाला. केस बांधलेलेच, हसणं रद्द, 'माझ्या भावाला हे कळेल' परत आलं. बदल्यात हॅम्लेटच्या दोन स्वगतांतली एकेक ओळ त्यांनी वाढवून घेतली. चालायचंच. फुलं अशी ठरली: मरवा, पॅन्सीसाठी नुसतं 'ही विचारांची', बडीशेप, सताप, प्राजक्त. सताप मार्केटमध्ये मिळाला नाही. कारेलीबागेतल्या एका आजींच्या गच्चीवरून आणला, त्यांनी दोनच डहाळ्या दिल्या आणि कशासाठी हवा ते तीनदा विचारलं.

अभिवाचन असल्यामुळे सगळे ओळीत खुर्च्यांवर, हातात कागद. मी उठले, माईआत्या चालायची तशी हळू चालत एकेकापाशी गेले. मरवा दिला. क्लॉडियस वाचणाऱ्या भाऊंच्या तळहातावर बडीशेप ठेवली. आणि भाऊंनी, चाळीस वर्षांची सवय, ती सरळ तोंडात टाकली! हॉल फुटला. मीही हसणार होते. भाऊंच्या लक्षात आलं आणि ते चावता चावता थांबले, गाल तसाच फुगलेला. हसू हळूहळू ओसरलं. ते कागदाआड बघायला लागले.

मग मी राणीपाशी गेले. म्हटलं, 'हा सताप तुला.' थांबले. दुसरी डहाळी माझ्याच पदरात खोचली. 'थोडा मलाही.'

पहिल्या रांगेत माझा थोरला चुलतभाऊ बसला होता, झोपाळ्यावरच्या त्या काकांचा मुलगा. बहात्तर वर्षांचा. नाटक संपल्यावर सगळे चहाला गेले, तो खुर्चीतच बसून राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "ती दौत अजून आमच्या कपाटात आहे. तुला हवी असेल तर घेऊन जा."

पांढरी_टोपी
घेतलीत का?

सुरसागरकाठची
रविवारी जाते आहे.